आठवडाभर घरचा अभ्यास: सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत शाळेला खंड पडणं नवं नाही. जुलैत अतिवृष्टीचा इशारा आला की सुट्टी जाहीर होते. नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा धुंदलवाडी परिसरातल्या कुटुंबांनी कित्येक रात्री घराबाहेर, तंबूत काढल्या. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि राज्याच्या ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते १ डिसेंबर २०२१ ला. बंद होताना पहिलीत असलेलं मूल वर्गात परतलं ते थेट तिसरीत.

असा खंड पडला की शिक्षक आठवड्याचा घरचा अभ्यास देतात. कधी तो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, कधी कागदावर, कधी नुसता तोंडी. तो करून घ्यायचा कसा, याबद्दल पालकांच्या आणि काही शिक्षकांच्याही मनात काही समजुती घट्ट बसल्या आहेत. त्यातल्या सहा तपासून पाहू.

गैरसमज १: शाळेत मूल पाच तास बसतं, मग घरीही तेवढाच वेळ बसवायला हवं.

वस्तुस्थिती: शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन अपेक्षित आहे. म्हणजे दिवसाला चार तास झाले. हे चार तास अख्ख्या वर्गाचे असतात. याच कायद्याप्रमाणे ६० पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. पाड्यावरच्या शाळेत एक शिक्षक दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळतो, तेव्हा एकेका मुलाच्या वाट्याला त्याची थेट नजर काही मिनिटंच येते. घरी शेजारी बसून कुणी वीस मिनिटं दिली, तर ती कमी नाहीत.

केंद्र सरकारचं २०२० चं शालेय दप्तर धोरण तर आणखी स्पष्ट आहे. पहिली-दुसरीला गृहपाठ द्यायचाच नाही. त्याऐवजी संध्याकाळी काय केलं, काय खेळलो, काय खाल्लं, हे मुलांना वर्गात सांगू द्यायचं. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. सहा दिवसांत ते वाटले तर रोजची वीसच मिनिटं होतात. त्यामुळे दिवसभर वहीपुढे बसवून ठेवलेलं मूल जास्त शिकतं असं नाही. बहुतेक वेळा ते जास्त कंटाळतं.

गैरसमज २: आई-बाप शिकलेले नाहीत, मग घरी शिकवणार कोण?

वस्तुस्थिती: याचं उत्तर याच मातीत फार आधी शोधलं गेलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात भरू लागली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा उभी राहिली. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शिंपले, खडे, पानं आणि माती हीच साधनं झाली. ज्या घरांत पुस्तक नव्हतं, त्या घरांच्या दारात हे शिक्षण चाललं.

आजचं उदाहरण म्हणजे राज्यात २०२२ पासून चालू झालेलं ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान. त्यात पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या आयांचे छोटे गट केले जातात आणि दर आठवड्याला घरी करायच्या कृती कार्डावर किंवा मोबाइलवरून त्यांना दिल्या जातात. भाजी निवडताना जोड्या लावणं, भांडी लहान-मोठ्या क्रमाने मांडणं, चित्र पाहून बोलणं अशा या कृती आहेत. त्यासाठी आईला बाराखडी यावीच लागते असं नाही. ‘आज काय शिकलास, मला दाखव’ एवढं रोज विचारायला मात्र तिला, आजीला किंवा थोरल्या ताईला वेळ काढावा लागतो.

याला मर्यादाही आहेत. अक्षर चुकलं की बरोबर, हे निरक्षर पालक ठरवू शकत नाहीत. ते तपासणं शिक्षकाचंच काम आहे. पालकाकडे मागायचा तो वेळ आणि लक्ष. चुका शोधण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली, की तो संकोचाने अभ्यासापासून दूर होतो.

गैरसमज ३: स्मार्टफोन असेल तर घरी शिक्षण होतं, नसेल तर होत नाही.

वस्तुस्थिती: या वाक्याचे दोन्ही भाग चुकीचे आहेत. मुलांच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या ‘असर’ पाहणीत २०२० साली देशाच्या ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. तरीही पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्याससाहित्य मिळालेली मुलं एक तृतीयांशाच्या आसपासच होती. फोन घरात होता, पण तो बापाबरोबर कामावर जात होता, किंवा रिचार्ज संपला होता, किंवा शाळेकडून त्यावर काही आलंच नव्हतं.

दुसरीकडे, फोनशिवायही वाटा निघाल्या. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका दाखवली गेली. घरात, अंगणात मिळणाऱ्या वस्तूंनी करायच्या कृतींवर तिचा भर होता. याच जिल्ह्यातल्या दांडवळसारख्या आदिवासी गावांत दिगंत स्वराज फाउंडेशनच्या ‘बोलकी शाळा’ उपक्रमातून लाऊडस्पीकरवर धडे ऐकवले गेले आणि मुलं अंतर राखून ऐकत बसली.

आफ्रिकेतल्या बोट्स्वानामध्ये त्याच काळात एक मोजूनमापून केलेला प्रयोग झाला. काही कुटुंबांना दर आठवड्याला गणिताचे नुसते एसएमएस गेले. काहींना एसएमएसबरोबर शिक्षकाचा साध्या फोनवर वीसेक मिनिटांचा कॉलही गेला. नुसत्या एसएमएसचा म्हणावा असा परिणाम दिसला नाही. कॉल गेलेल्या घरांतली मुलं मात्र गणितात स्पष्टपणे पुढे गेली. ग्रुपवर पीडीएफ टाकून मोकळं होणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष ध्यानात ठेवावा. मुलाशी माणूस बोलला तर फरक पडतो, मग फोन बटणांचा का असेना.

गैरसमज ४: घरात वारली बोलत राहिलं तर मुलाचं मराठी कच्चं राहतं.

वस्तुस्थिती: डहाणू-तलासरीत वारली, कोकणा, मल्हार कोळी, काथोडी, धोडी अशा समाजांच्या बोली घरोघरी आहेत. किनाऱ्यावर मांगेल्यांची बोली आहे, सीमेलगत गुजराती आहे. मुलाला घरची भाषा पक्की येत असेल, तर दुसरी भाषा शिकायला तिचा आधारच होतो. शिक्षणाचं उत्तम माध्यम मातृभाषा, असं युनेस्कोच्या अहवालाने १९५३ मध्येच म्हटलं होतं. आपला शिक्षण हक्क कायदाही शक्य असेल तिथवर मातृभाषेतूनच शिकवायला सांगतो आणि २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण निदान पाचवीपर्यंत तसाच आग्रह धरतं.

घरच्या अभ्यासात याचा अर्थ सोपा आहे. आजीने गोष्ट तिच्या बोलीतच सांगावी. तिला पुस्तकी मराठीत सांगायला लावलं तर गोष्ट दोन वाक्यांत संपते. मुलाने तीच गोष्ट शाळेत जमेल तशा मराठीत सांगावी आणि शिक्षकाने त्यातली दोन वाक्यं फळ्यावर लिहावीत. मुलाला मजकूर आधीच ठाऊक असतो, त्यामुळे त्याचं सगळं लक्ष नव्या शब्दांवर राहतं.

गैरसमज ५: पोर बाजारात हिशेब करतं, वाडीत फळं मोजतं, त्यातून ते गणित आपोआप शिकतं.

वस्तुस्थिती: ही समजूत मुलांबद्दलच्या आपुलकीतून येते, म्हणून ती सहसा कुणी तपासत नाही. पण २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आलेल्या संशोधनाने ती तपासली. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं किलोचे, पावशेरचे अवघड हिशेब तोंडी, झटपट करत होती. कागदावर शाळेच्या पद्धतीने मांडलेली साधी उदाहरणं मात्र त्यांच्यातल्या अनेकांना सुटत नव्हती. याच्या उलट, शाळेत वजाबाकी-भागाकार करणारी मुलं बाजारातल्या व्यवहारात अडखळत होती. या अभ्यासात अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञही होते.

घोलवडच्या चिकूवाडीत फळं आकाराप्रमाणे वेगळी करणारं मूल वर्गीकरणच करत असतं. पण ते त्याला कुणी बोलून दाखवलं नाही आणि वहीत मांडून घेतलं नाही, तर वर्गातल्या गणिताशी त्याची गाठ पडत नाही. घरच्या अभ्यासाचं खरं काम हे आहे: हाताने केलेली गोष्ट आधी तोंडाने सांगायची, मग कागदावर उतरवायची. यातली शेवटची पायरीच सर्वांत जास्त गळते.

एक सावधगिरीही हवी. वाडीतलं काम शिक्षण आहे असं म्हणत मुलाला दिवसभर कामाला जुंपणं, ही या विचाराची फसवणूक आहे. धडा वीस मिनिटांत संपतो. मजुरी संपत नाही.

मग आठवडा कसा असावा?

शाळेला खंड पडला असताना, पहिली ते चौथीच्या मुलांसाठी, रोज वीस मिनिटांच्या बेताने, इथल्या घरात जमेल असा एक आराखडा (पहिली-दुसरीला तो गृहपाठ म्हणून नव्हे, घरच्यांसोबत करायच्या कृती म्हणून):

* सोमवार, बोलणं: काल दिवसभर काय केलं ते क्रमाने सांगायचं. आधी काय, मग काय, शेवटी काय. त्यातलं एक वाक्य वहीत लिहायचं. लिहिता येत नसेल तर चित्र काढायचं.
* मंगळवार, मोजणं: चिंचोके किंवा खडे घेऊन दहा-दहाचे ढीग करायचे. किती ढीग, वर किती उरले, एकूण किती, हे अंकांत मांडायचं. पहिलीच्या मुलाने ९९ च्या आत राहावं.
* बुधवार, गोष्ट: घरातल्या थोरांकडून एक गोष्ट ऐकायची. मग मुलाने ती पुन्हा सांगायची आणि शेवट बदलून पाहायचा.
* गुरुवार, मापणं आणि आकार: ओटा आपल्या वितीने मोजायचा, मग बाबांच्या वितीने. उत्तरं वेगळी का आली? त्यानंतर पट्टी घ्यायची. भिंतीवरच्या वारली चित्रात त्रिकोण किती, वर्तुळं किती, माणसाचं अंग किती त्रिकोणांचं, तेही पाहायचं.
* शुक्रवार, वाचन: पाठ्यपुस्तकातलं एक पान मोठ्याने, घरातल्या कुणाला तरी ऐकवायचं. ऐकणाऱ्याला वाचता आलं नाही तरी चालतं; त्याने पान संपल्यावर ‘यात काय होतं?’ एवढं विचारावं.
* शनिवार, हिशेब: दुकानातून आणलेल्या दोन वस्तूंची किंमत, दिलेले पैसे, परत आलेले पैसे. आधी तोंडी, मग उभ्या मांडणीत वहीत.
* रविवार: अभ्यास नाही. खेळ.

सोमवारी शिक्षकाने वही पाहावी आणि प्रत्येकाला एक तरी प्रश्न विचारावा. ज्या अभ्यासाबद्दल शाळेत कुणी विचारत नाही, तो दोन आठवड्यांत बंद पडतो.

प्रगती मोजायची असेल तर ‘निपुण भारत’ अभियानाची उद्दिष्टं हाताशी आहेत. दुसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ समजून वाचावेत आणि ९९९ पर्यंतच्या संख्या लिहा-वाचाव्यात, अशी अपेक्षा आहे. पण घड्याळ लावून परीक्षा घेण्याची जागा शाळा आहे. घरी वाचताना मूल अडखळलं तर थांबून वाट पाहावी.

गैरसमज ६: घरी अभ्यास होतोय, मग काही महिने शाळा बुडली तरी चालेल.

वस्तुस्थिती: चालत नाही. ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता, त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होतं. शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर आलं. घरचे उपक्रम आणि मालिका चालू असूनही ही घट झाली. आठवडाभराचा खंड घरचा अभ्यास सांभाळून नेतो, वर्षभराचा नाही.

या दोन तालुक्यांत हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण दिवाळीनंतर अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर, बोटींवर किंवा शहरातल्या बांधकामांवर जातात आणि मुलंही सोबत जातात. अशा पालकांनी गाव सोडण्यापूर्वी शाळेतून मुलाचं शिक्षण हमी कार्ड घ्यावं. मूल कोणत्या इयत्तेत आहे आणि त्याला काय येतं याची नोंद त्यावर असते. कामाच्या ठिकाणच्या शाळेत ते दाखवायचं. कार्ड हरवलं, दाखला मिळाला नाही, वर्षाच्या मधेच आलो, यातलं कोणतंही कारण सांगून ६ ते १४ वयाच्या मुलाला सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. मूल कधीच शाळेत गेलेलं नसलं, तरी त्याला वयाप्रमाणे वर्ग मिळतो आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणाचा हक्कही मिळतो.

कुठे अडवणूक झालीच, तर आधी शाळा व्यवस्थापन समितीकडे जावं. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असणं बंधनकारक आहे, म्हणजे तिथे बहुधा आपल्याच पाड्यावरचं कुणीतरी बसलेलं असतं. तिथे काम झालं नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.