‘कबूल’, ‘मान्य’ आणि ‘पटले’

खरे काय ते ओळखणे ही एक गोष्ट आणि ते खरे असल्याचे तोंडाने म्हणणे ही दुसरी. मराठीत या दुसऱ्या कामासाठी आपण कबूल करणे, मान्य करणे, मानणे आणि पटणे अशी क्रियापदे रोज वापरतो. शब्दकोशात ती एकमेकांच्या शेजारी बसतात, परंतु बोलताना त्यांची अदलाबदल करून चालत नाही. ती का चालत नाही, हे पाहण्याचा या लेखात प्रयत्न करतो.

प्रथम ‘कबूल’ घेऊ. हा शब्द मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. पंधराव्या शतकात बहमनी राजधानी बिदरला आली. पुढे निजामाच्या राज्यात उर्दू ही कारभाराची भाषा झाली. त्यामुळे आमच्या चिटगुप्प्याच्या बाजारात हा शब्द मराठी बोलणाऱ्यालाही आपला वाटतो आणि कन्नड बोलणाऱ्यालाही. त्याचा मूळ अर्थ ‘स्वीकारणे’ असा आहे. निकाहात वधूवर ‘कबूल’ म्हणतात तेव्हा ते समोर आलेला प्रस्ताव स्वीकारतात. शेतसाऱ्याच्या व्यवहारातील ‘कबुलायत’ म्हणजे रयतेने अटी स्वीकारल्याचा लेख. ‘चोराने चोरी कबूल केली’ या वाक्यातही तोच अर्थ आहे. चोराला सत्याची नव्याने जाणीव झाली, असे हे वाक्य सांगत नाही. चोरीची जबाबदारी त्याने अंगावर घेतली, एवढेच ते सांगते.

‘मानणे’ या क्रियापदाची व्याप्ती मोठी आहे. ‘आज सोमवार आहे असे मानू’ म्हणताना आपण केवळ कल्पना करतो. ‘मी देव मानतो’ म्हणताना श्रद्धा सांगतो. ‘मानलेला भाऊ’ रक्ताचा नसतो, पण त्याच्याशी नाते खरेच पाळले जाते. आणि ‘मानलं बुवा तुला!’ यात दुसऱ्याचे श्रेष्ठत्व ओळखल्याची पावती असते. ‘मान्य करणे’ त्यामानाने कोरडे, सभेतले. ठराव मान्य होतो, रजा मान्य होते, वादात प्रतिपक्षाचा मुद्दा मान्य होतो.

आता ‘पटणे’ पाहा. ‘मी कबूल करतो’, ‘मी मान्य करतो’, ‘मी मानतो’ असे म्हणता येते, पण ‘मी पटतो’ म्हणून हा अर्थ सांगता येत नाही. येथे ‘मला पटते’ असेच म्हणावे लागते. जसे मला कळते, मला आठवते, मला भूक लागते, तसेच मला पटते. पहिल्या तिन्ही क्रियांत मी कर्ता आहे. चौथीत गोष्ट माझ्याकडे चालत येते. याची आणखी एक कसोटी आहे. ‘कबूल कर!’ अशी आज्ञा देता येते, ‘मान्य कर!’ असेही दरडावता येते. ‘पट!’ अशी आज्ञा मात्र मराठीत देता येत नाही. फार तर ‘पटवून देता’ येते, म्हणजे कष्ट समजावणाऱ्याने घ्यायचे. ओळख पटते, खूण पटते, दोघांचे पटते, या सर्व प्रयोगांत एक गोष्ट दुसरीशी जुळण्याचा भाव आहे. विचार आपल्या अनुभवाशी जुळला की तो पटतो.

कन्नडमध्ये या कामाला ‘ओप्पु’ हे क्रियापद आहे. त्याचेही दोन अर्थ आहेत : संमती देणे आणि शोभणे, जुळणे. ‘ओप्पिगे’ म्हणजे संमती, ‘ओप्पंद’ म्हणजे करार. मौज अशी की चूक कबूल करताना कन्नड माणूस ‘तप्पु ओप्पिकोंड’ असे म्हणतो. यातील ‘को’ क्रिया स्वतःकडे वळवतो. आपण ‘लिहून घे’ म्हणतो तसा. म्हणजे कबुली ही आधी स्वतःजवळ द्यायची असते, हे त्या भाषेने प्रत्ययातच सांगून ठेवले आहे. आणि ‘हो’ म्हणण्याची गोष्ट तर आणखी जवळची. आपले ‘होय’ किंवा ‘व्हय’ हे ‘होणे’पासून आले, कन्नडचे ‘हौदु’ हे ‘आगु’ म्हणजे होणे यापासून. दोन्ही भाषांत होकार देणे म्हणजे ‘तसे आहे’ असे म्हणणे. भाषांची कुळे वेगळी, पण वाट एकच.

हा सगळा शब्दांचा कीस आहे, असे कोणी म्हणेल. परंतु कबूल आणि पटले यांतील अंतरावर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून असते. आमच्याच जिल्ह्यातील कल्याण येथे, चालुक्यांच्या काळात, विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली. तीत प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगितले आहेत : संप्रतिपत्ती, मिथ्या, प्रत्यवस्कंदन आणि पूर्वन्याय. संप्रतिपत्ती म्हणजे कबुली. ती दिली की पुराव्याची गरजच उरत नाही आणि चार पायांचा खटला दोन पायांवर संपतो. म्हणूनच कबुलीचा मोह सत्ताधाऱ्याला नेहमी पडतो. आपल्याकडे म्हण आहे, ‘नाक दाबले की तोंड उघडते.’ उघडलेल्या तोंडातून सत्यच बाहेर येईल, असे मात्र ती म्हण म्हणत नाही. १८७२च्या पुरावा कायद्याने हे ओळखले होते. धाकाने वा आमिषाने घेतलेली आणि पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली त्याने आरोपीविरुद्ध अग्राह्य ठरवली. १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे.

वर्गातही हाच प्रश्न असतो. विद्यार्थी ‘मान्य आहे, सर’ म्हणून खाली बसतो तेव्हा मुद्दा त्याला पटला, की केवळ तास संपवायचा होता? प्राध्यापकाच्या हाती ‘मान्य’ करवून घेण्याची सत्ता असते, गुणपत्रिकाही असते. पटवण्यासाठी मात्र त्याच्याजवळ पुरावा, उदाहरण आणि धीर याखेरीज दुसरे साधन नाही. आणि विद्यार्थ्यानेही, न पटलेले ‘अजून पटले नाही’ असे नम्रपणे म्हणावे. त्यात उद्धटपणा नाही. उलट, पटलेले असूनही केवळ आपलेच खरे करण्यासाठी कबूल न करणे, हा खरा उद्धटपणा. आधी पटावे आणि मग कबूल करावे, हाच या दोन क्रियापदांचा योग्य क्रम होय.