जुन्या गाडीतलं कूलंट: पातळी बरोबर, तरी इंजिन धोक्यात का?

मंडळी, खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभी राहिलेली पद्मिनी आणि शेजारी पाण्याचा कॅन घेतलेला चालक, हे चित्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. त्या काळापासून एक समज पक्का झाला: गाडी तापली की पाणी घालायचं. आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो, ‘आपल्याकडे काही बर्फ पडत नाही, मग कूलंटवर पैसे कशाला घालवायचे?’

प्रश्न रास्त आहे. गंमत अशी, की उष्णता वाहून नेण्यात नुसतं पाणी हे निम्म्या-निम्म्या कूलंट-मिश्रणापेक्षा सरसच आहे. मग मिसळायचं कशासाठी?

पहिलं कारण उकळण्याचं. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं. मिश्रण साधारण १०७ अंशांपर्यंत टिकतं. शिवाय रेडिएटरचं झाकण आतला दाब वाढवतं. सुमारे ०.९ बारच्या झाकणाखाली नुसतं पाणीसुद्धा ११९ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे झाकणाचं रबर कडक झालं, दाब धरेना, की गाडी विनाकारण उकळायला लागते. म्हणून जुन्या गाडीत आधी झाकण बघा. ते स्वस्तही असतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे गंज. अनेक जुन्या गाड्यांत इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं, रेडिएटर तांब्या-पितळेचा. वेगवेगळे धातू, मध्ये क्षारयुक्त पाणी. ही झाली बॅटरीच! त्यात झिजतं ते मुख्यतः ॲल्युमिनियम, आणि शेजारी बीड गंजत असतं. त्यातून बोअरचं पाणी घातलं, तर गीझरच्या कॉइलवर जमतो तसा पांढरा थर इंजिनाच्या आत जमतो. तो थर उष्णता अडवतो.

कूलंटमधली गंजरोधक रसायनं धातूवर एक पातळ संरक्षक थर धरतात. लोणच्यावरचं तेल आठवा. बरणी भरलेली असते, पण वरचं तेल संपलं की बुरशी धरते. कूलंटचं तसंच आहे. ग्लायकॉल वर्षानुवर्षं टिकतं, पातळीही बरोबर दिसते, पण गंजरोधक रसायनं हळूहळू खर्च होतात. म्हणून ‘टाकी भरलेली आहे’ याचा अर्थ ‘इंजिन सुरक्षित आहे’ असा होत नाही. जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं कूलंट साधारण २ वर्षांनी बदलावं. नव्या सेंद्रिय आम्लांवर आधारलेल्या कूलंटची मुदत ५ वर्षांपर्यंत असते.

आता, हिरवं की लाल? रंगावर जाऊ नका. रंग कंपनी ठरवते, त्याला सर्वमान्य नियम नाही. दोन प्रकार एकत्र झाले तर रसायनं एकमेकांना निकामी करू शकतात, कधी चिकट गाळही होतो. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला प्रकार घ्या. डब्यावर ‘तयार मिश्रण’ लिहिलंय की ‘कॉन्सन्ट्रेट’, तेही वाचा. कॉन्सन्ट्रेट असेल तर त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर मिसळायचं. ‘जास्त घातलं तर जास्त चांगलं’ असं इथे नाही. नुसतं कॉन्सन्ट्रेट उष्णता नीट वाहून नेत नाही.

बदलताना इंजिन पूर्ण गार हवं. गरम इंजिनाचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. हे विसरू नका. जुनं कूलंट काढा, डिस्टिल्ड पाणी भरून इंजिन फिरवा, गार होऊ द्या, पुन्हा काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करा. हीटर असेल तर त्याचा नॉब गरमवर ठेवा. आपल्याकडे हीटर वर्षभर बंद असतो आणि गाळ तिथेच साचून राहतो. नंतर हळूहळू भरा, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा, बुडबुडे थांबेपर्यंत भर घालत राहा. अडकलेली हवा पाण्याचा प्रवाह रोखते.

काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते चवीला गोड लागतं, म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते विषारी असतं. बंद डब्यात भरून वापरलेलं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला विचारा.

एक सल्ला मात्र नाकारा: ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी गार राहील.’ थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, कारण इंजिनाला ठरावीक ऊब लागते. तो काढला की पेट्रोल जास्त जातं आणि इंजिनाची झीज वाढते.

आणि पातळी वारंवार घटत असेल तर नुसती भर घालत बसू नका. होज पाइप, वॉटर पंप, रेडिएटरचे सांधे तपासा. बाहेर कुठेच गळती नाही, पण इंजिन ऑइल दुधाळ झालंय किंवा इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, तर हेड गॅस्केटची शंका घ्या आणि गाडी तिथेच थांबवा. कूलंटचा खर्च काही शेकड्यांत असतो. हेड वाकलं, तर तो हजारांत जातो.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.