एकशिंगी गेंड्याचे संवर्धन : केवळ संख्यावाढ पुरेशी आहे काय?

जगात आज गेंड्याच्या पाच प्रजाती आढळतात. आफ्रिकेत पांढरा व काळा, तर आशियात भारतीय एकशिंगी, जावन आणि सुमात्रन. जावन गेंडा इंडोनेशियातील उजुंग कुलोन या एकाच राष्ट्रीय उद्यानात उरला आहे. व्हिएतनाममधील शेवटचा जावन गेंडा २०१० मध्ये मृतावस्थेत सापडला, तेव्हा त्याचे शिंग कापून नेलेले होते. वस्तुतः हे शिंग म्हणजे केराटिन, अर्थात नखांमध्ये असणारे प्रथिनच होय.

या पार्श्वभूमीवर काझीरंगाचे यश निर्विवाद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे मोजकेच गेंडे उरले होते. २०२२ च्या गणनेत ती संख्या २,६१३ झाली. भारत व नेपाळ मिळून एकशिंगी गेंडे सुमारे चार हजार. म्हणजे निम्म्याहून अधिक गेंडे एकाच उद्यानात एकवटले आहेत, आणि खरी चिंता येथेच आहे. एखादी साथ वा शिकाऱ्यांची टोळी तेथे शिरल्यास संपूर्ण प्रजातीलाच धक्का बसेल. मानसमध्ये हे घडून गेले आहे. १९९० च्या दशकातील अशांततेत तेथील गेंडे नामशेष झाले; २००८ पासून पोबितोरा व काझीरंगातून गेंडे आणून तेथे पुन्हा वसवावे लागले.

ब्रह्मपुत्रेचा पूर मात्र निव्वळ शत्रू नव्हे. गेंड्याला लागणारी गवताळ कुरणे व पाणथळ जागा तोच टिकवतो. पुरात प्राणी दक्षिणेकडील कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांकडे जातात आणि वाटेत त्यांना वर्दळीचा राष्ट्रीय महामार्ग ओलांडावा लागतो. उद्यानाच्या सीमेबाहेरील या वाटा मोकळ्या ठेवणे हाही संवर्धनाचाच भाग ठरतो.