खोट्या गर्दीने परत आणलेला पक्षी

आज अशा एका समुद्रपक्ष्याबद्दल बोलूया, ज्याला परत बोलवायला माणसांनी चक्क स्पीकर लावले.

नाव आहे चायनीज क्रेस्टेड टर्न. टर्न म्हणजे आपला सुरय. पांढराशुभ्र, डोक्यावर काळा तुरा, पिवळ्या चोचीचं टोक काळं. १९३७ मध्ये चीनच्या शानडोंग किनाऱ्यावर याचे २१ नमुने गोळा केले गेले. त्यानंतर कित्येक दशकं तो जवळजवळ दिसलाच नाही. सगळ्यांना वाटलं, संपला. मग २००० साली तैवानच्या ताब्यातल्या मात्सू बेटांवर फक्त चार जोड्या सापडल्या!

आता प्रश्न असा, की हा इतका कमी का झाला? मोठं कारण म्हणजे अंडी. हा पक्षी उघड्या जमिनीवर सहसा एकच अंडं घालतो, आणि समुद्रपक्ष्यांची अंडी खाण्यासाठी, विकण्यासाठी गोळा केली जायची. एक फेरी झाली, की त्या वर्षीची अख्खी पिढी गेली. २०१० च्या सुमारास जगात पन्नासहून कमी पक्षी उरले होते.

गंमत बघा, सुरयाला एकांत नको असतो. त्याला गर्दी लागते. चार जण आधीच बसलेत म्हणजे जागा सुरक्षित, असा त्याचा हिशोब. म्हणून २०१३ मध्ये चीनच्या झेजियांग प्रांतातल्या एका छोट्या बेटावर संशोधकांनी त्याच्या भाऊबंदांचे, म्हणजे मोठ्या तुरेवाल्या सुरयाचे, ३०० नकली पक्षी मांडले आणि सौरऊर्जेवर त्यांचे आवाज वाजवत ठेवले. हा भाऊबंद आपल्या कोकण किनाऱ्यावरही दिसतो बरं का.

जुलै आला तरी पक्षी वस्तीला आले नव्हते. आणि मग थवे उतरले! मोठे सुरय हजारोंनी आले, त्यांच्यासोबत १९ चायनीज क्रेस्टेड टर्न. त्या हंगामात त्यांचं किमान एक पिल्लू उडालं.

तेव्हापासून संख्या वाढतेय, पण धोका टळलेला नाही. वादळं आहेत, आणि भाऊबंदांशी संकर होण्याची भीतीही आहे. शिवाय स्पीकर पक्ष्यांना फक्त बोलावू शकतो. अंड्यांवर पहारा द्यायला माणूसच लागतो. म्हणून विणीच्या काळात बेटावर राखणदार मुक्काम ठोकतात.

मला यातली हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. जी माणसं बोटीने अंडी न्यायला यायची, त्याच किनाऱ्यांवर आता माणसं अंडी राखायला बसतात.