जुन्या मोटारीचा पहारेकरी

सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत पुढें फियाट व पद्मिनी या मोटारी तयार झाल्या. त्यांचें उत्पादन आतां बंद आहे. परंतु ज्या कुटुंबानें अशी गाडी हौसेनें जतन केली आहे, त्याला तिचें इंजिन कसें जपावें हा प्रश्न पडतोच.

इंजिन अतिवेगानें फिरलें, तर झडपा वेळेवर मिटत नाहींत आणि दट्ट्यांना क्रँकशीं जोडणारे दांडे तुटूं शकतात. हें टाळण्यासाठीं पोर्शे ९११ सारख्या कांहीं जुन्या युरोपीय गाड्यांत एक साधी युक्ति योजिलेली असे.

डिस्ट्रिब्यूटरच्या झांकणाखालीं रोटर नांवाची लहानशी भुजा क्रँकच्या निम्म्या वेगानें फिरते व क्रमाक्रमानें प्रत्येक प्लगकडे वीज धाडते. या विशेष रोटरांत एक लहान वजन स्प्रिंगनें आंत ओढून धरलेलें असतें. गोफणींतील दगडाप्रमाणें तें बाहेर झेपावूं पाहतें, आणि हा ओढा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. क्रँकचे फेरे मिनिटाला ५,००० वरून ६,००० झाले, कीं तो ४४ टक्क्यांनीं वाढतो. ठरलेल्या वेगाला स्प्रिंग हरते, वजन बाहेर सरकतें, आणि वीज प्लगकडे न जातां मधल्या दांड्यांतून इंजिनाच्या धातूंत जिरते. वेग उतरला, कीं स्प्रिंग वजन परत ओढते.

तथापि या पहारेकऱ्यावर सर्वस्वीं विसंबूं नये. स्प्रिंग सैल पडली, तर ठिणगी अकालींच तुटते, न जळलेलें पेट्रोल सायलेन्सरांत जातें, आणि मिस्त्री मात्र कार्बुरेटर उघडून बसतो. म्हणून इंजिन नेमक्या एकाच वेगाला अडखळूं लागलें, तर रोटरही तपासावा. बदलतांना तो त्याच डिस्ट्रिब्यूटरच्या मापाचा व त्याच इंजिनाला सोसेल अशा मर्यादेचा घ्यावा; पद्मिनीसारख्या गाडीला शर्यतीच्या इंजिनाची मर्यादा असलेला रोटर बसविणें व्यर्थ होय.

शिवाय ठिणगी तोडल्यानें इंजिनाची शक्ति थांबते, चाकांची नव्हे. सोलापूरहून मुंबईस जातांना खंडाळ्याचा घाट उतरतेवेळीं चुकून फार खालचा गिअर पडला, तर चाकेंच इंजिनाला फिरवितात; तेथें रोटरचा इलाज चालत नाहीं. तेथें चालविणाऱ्याचा कान आणि हात हेच कामीं येतात.