लाल जास्वंदीचं निळं गुपित

आजीचा वाढदिवस दुसऱ्या दिवसावर आला होता आणि माझी भाची शुभेच्छापत्र करायला बसली होती. मधोमध मोठं लाल फूल काढायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण रंगपेटीतला लाल खडू नेमका संपलेला! मग तिनं निर्माल्यातली जास्वंद उचलली. सकाळी गणपतीला वाहिलेली, लालभडक. पाकळी कागदावर घासली मात्र, आणि ती ओरडलीच, "मावशी, हे फूल खोटं बोलतंय!"

कागदावर उमटला होता जांभळट निळा पट्टा. लाल रंगाचा मागमूसही नाही. तिनं दुसरी पाकळी घासली, तिसरी घासली. तेच! बोटंसुद्धा जांभळी झाली.

तुमच्या दारात किंवा शेजारी लाल जास्वंद असेल, तर अंक इथंच उपडा ठेवा. आधी एक पाकळी घासून या.

आलात? मग आता सांगते. जास्वंदीच्या लाल रंगद्रव्याचं नाव आहे अँथोसायनिन. नाव जरा अवघड आहे खरं, पण गंमत त्या नावातच आहे. ग्रीक भाषेत 'अँथोस' म्हणजे फूल आणि 'कायनोस' म्हणजे निळा. 1835 साली लुडविग मार्क्वार्ट या जर्मन शास्त्रज्ञानं हे नाव दिलं. म्हणजे लाल जास्वंदीच्या रंगाचं नाव काय, तर फुलातला निळा! जांभळात, वांग्याच्या सालीत, कोकमात आणि गोकर्णाच्या निळ्याशार फुलातही याच घराण्यातली रंगद्रव्यं असतात.

हे रंगद्रव्य आजूबाजूला काय आहे ते बघून रंग बदलतं. आंबट पदार्थाजवळ ते लाल-गुलाबी होतं. आंबटाच्या उलट असतात ते अल्कधर्मी पदार्थ, म्हणजे खायचा सोडा, चुना, साबण. त्यांच्याजवळ ते निळं, हिरवं होत जातं. जास्वंदीच्या पाकळीतल्या पेशींमधला रस थोडा आंबट असतो, म्हणून झाडावर फूल लाल दिसतं. पाकळी घासली की पेशी फुटतात आणि रस कागदावर येतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून आजकाल पुष्कळ कागदांत चुनखडीची बारीक पूड मिसळलेली असते. ती पडली आंबटाच्या विरुद्ध गटातली. रसाचा आंबटपणा गेला की लाल रंगही गेला!

म्हणजे फूल खोटं बोलत नव्हतं. उलट तुमचा कागद कसा आहे, ते खरं खरं सांगत होतं. वहीचा कागद, वर्तमानपत्र, चित्रकलेचा जाड कागद, खाकी पाकीट, या सगळ्यांवर एकाच फुलाच्या पाकळ्या घासून बघा आणि पट्टे शेजारी शेजारी ठेवून जुळवा.

असाच प्रयोग रॉबर्ट बॉईल या शास्त्रज्ञानं केला होता, आणि तोही कागदावरच. तेव्हा व्हायोलेट नावाच्या फुलांचं निळं सरबत औषध म्हणून मिळायचं. बॉईलनं त्याचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकला. त्यावर आंबट द्रव पडला की थेंब लाल होई, अल्कधर्मी द्रव पडला की हिरवा. 1664 साली रंगांवरच्या पुस्तकात त्यानं हे लिहून ठेवलं. शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली तेच हे साल! शाळेतला लिटमस कागदही याच कामाचा. त्याचा रंग मात्र फुलातून येत नाही. तो दगडफुलाच्या जातीच्या सजीवांपासून काढतात. हो, आई गोड्या मसाल्यात घालते ते दगडफूल, त्याचेच भाऊबंद.

हे सगळं ऐकल्यावर भाची म्हणाली, "मग लाल खडू हवाय कशाला?" आणि आम्ही कामाला लागलो.

पाच-सहा जास्वंदी घेतल्या. ताजी फुलं तोडायची काहीच गरज नाही. जास्वंद बहुधा एकच दिवस फुलते, त्यामुळे संध्याकाळी मिटत आलेली किंवा निर्माल्यातली फुलं उत्तम चालतात. हिरवा देठाकडचा भाग आणि मधली पिवळे ठिपके असलेली दांडी काढून टाकली. पाकळ्यांवर अर्धी वाटी गरम पाणी ओतलं (हे मोठ्या माणसाकडून करून घ्या), पंधरा मिनिटांनी कुस्करून फडक्यातून गाळलं. रस जरा बुळबुळीत निघतो, तो तसाच असतो. चित्रकलेचा जाड कागद दुमडून त्याच्या पुढच्या बाजूवर हा रस ब्रशनं फासला आणि वाळू दिला. झालं जांभळट आभाळ.

आता खरी मजा. काडीला कापूस गुंडाळला, लिंबाच्या रसात बुडवला आणि आभाळावर टेकवला. टेकवला तिथं गुलाबी ठिपका! पाच ठिपक्यांचं एक फूल. मग दुसरी काडी घेतली आणि वाटीभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवून पानं काढली. ती हिरवट उमटली. तीन रंगांची बाग, आणि सगळी एकाच जास्वंदीतून! दोन काड्यांची अदलाबदल मात्र होऊ देऊ नका. लिंबू आणि सोडा भेटले की फसफसतात, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात आणि दोघांचाही जोर जातो.

झेंडूचं असंच काही करता येईल का, हेही आम्ही पाहिलं. नाही जमलं. झेंडूचा पिवळा रंग वेगळ्याच घराण्यातला, त्याचं नाव ल्युटिन. तो पाण्यात विरघळत नाही आणि लिंबाला दादही देत नाही. अंड्याच्या बलकातही तो असतो. बलक छान पिवळा व्हावा म्हणून कोंबड्यांच्या खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क घालतात! मग आम्ही झेंडूच्या सुट्या पाकळ्या जुन्या वर्तमानपत्रात दाबून, वाळवून फुलांच्या मध्यावर चिकटवल्या. गुळगुळीत कागदात दाबू नका, तो ओल शोषत नाही आणि पाकळ्यांना बुरशी येते.

हे कार्ड उन्हात ठेवायचं नाही. फुलांचे असे रंग उन्हानं विटतात, आणि सोड्याची हिरवी पानं सगळ्यांत आधी फिकी पडतात. पुस्तकात ठेवलं तर बरेच दिवस छान राहतं.

कार्डाच्या एका कोपऱ्यात भाचीनं जांभळट आभाळ तसंच मोकळं सोडलं होतं. आजीच्या हातात कार्ड दिलं आणि सोबत लिंबाची फोड. आजीनं त्या कोपऱ्यात एक थेंब पिळला, गुलाबी फूल उमटलं, आणि आजी पुढची फोड मागायला लागली! तुमच्या कार्डावरही आभाळाचा एक कोपरा असाच मोकळा सोडा, आणि कार्ड देताना लिंबू विसरू नका.