विश्लेषण : डिस्क ‘फुल्ल’ झाली म्हणजे नेमके काय झाले? साठवणुकीचा नकाशा कसा वाचतात?

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे असलेली ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ म्हणजेच जीएमआरटी ही दुर्बीण आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपते. दुर्बीण कितीही मोठी असली तरी तिने टिपलेले सारे काही शेवटी आकड्यांच्या रूपात डिस्कवरच उतरते. त्या डिस्कवरची कोणती जागा भरलेली आणि कोणती मोकळी, याचा एक छोटा नकाशा डिस्कवरच असतो. तो चुकला तर चांगली फाइल दुसऱ्या फाइलखाली गाडली जाऊ शकते. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्यांसाठी लावलेल्या कॅमेरा ट्रॅपच्या कार्डापासून घरच्या लॅपटॉपपर्यंत सगळीकडे हाच प्रकार असतो. हा नकाशा काय सांगतो आणि तो कसा तपासतात, हे समजून घेऊ.

जीएमआरटीत डेटा एवढा का तयार होतो?

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने (एनसीआरए) ही दुर्बीण उभारली. प्रा. गोविंद स्वरूप हे तिचे शिल्पकार. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी १४ खोडदजवळ मध्यभागी आहेत. उरलेल्या १६ अँटेना इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. प्रत्येक अँटेनाची जोडी इतर प्रत्येक अँटेनाशी लावली जाते, म्हणजे एकूण ४३५ जोड्या होतात.

अंदाजासाठी एक सोपे गणित करू. प्रत्येक जोडीचे २ ध्रुवीकरणांतील ४,०९६ वारंवारतांवरचे आकडे दर ३ सेकंदांनी नोंदवले आणि प्रत्येक आकड्याला ८ बाइट लागले असे धरले, तर तासाला सुमारे ३४ जीबी डेटा जमतो. आठ तासांच्या निरीक्षणाचा डेटा पाव टीबीच्या पुढे जातो.

जुना डेटा जपायचा कशाला?

याचे उत्तर ‘टीजीएसएस’ या सर्वेक्षणात मिळते. २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाची पाहणी केली. ह्युब इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच साठवलेला डेटा नव्या पद्धतीने पुन्हा तपासला. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या यादीत आकाशाच्या सुमारे ९० टक्के भागातील ६ लाखांहून अधिक रेडिओ स्रोत आहेत. डेटा नीट जपला होता म्हणूनच हे शक्य झाले. क्षणात भडकून विझणारा एखादा स्रोत असेल, तर तेच निरीक्षण पुन्हा घेता येत नाही.

जागावाटपाचा नकाशा म्हणजे काय?

फाइल सिस्टिम डिस्कचे सारखे तुकडे पाडते. त्यांना ‘ब्लॉक’ म्हणतात. लिनक्समधील ‘ईएक्सटी-४’ या प्रचलित व्यवस्थेत ब्लॉक साधारणपणे ४ केबीचा असतो. प्रत्येक ब्लॉकसाठी नकाशात एकच बिट असतो. बिट १ असेल तर जागा भरलेली आणि ० असेल तर मोकळी. याला ‘बिटमॅप’ म्हणतात. एका ब्लॉकमध्ये ३२,७६८ बिट मावतात. त्यामुळे नकाशाचा एक ब्लॉक १२८ एमबी जागेचा हिशेब ठेवतो. १ टीबी डिस्कचा सगळा नकाशा अवघ्या ३० एमबीत बसतो.

मग कोणती फाइल कुठे आहे, हे कसे कळते?

त्यासाठी वेगळी नोंद असते. तिला ‘आयनोड’ म्हणतात. गावच्या दप्तराशी तुलना केली तर हे लगेच समजते. कोणत्या खातेदाराकडे कोणते गट आहेत, हे ‘आठ-अ’च्या उताऱ्यात दिसते. आयनोडही तसाच असतो. त्यात फाइलचा आकार, तारीख आणि तिच्या ताब्यातील ब्लॉकचे क्रमांक असतात. बिटमॅपला मात्र गट मोकळा की भरलेला एवढेच ठाऊक असते, मालकाचे नाव त्यात नसते. या दोन नोंदी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. बहुतेक घोटाळे त्या न जुळल्याने होतात.

सगळ्या डिस्कवर नकाशा सारखाच असतो?

नाही. जुन्या पेनड्राइव्हवर आणि ३२ जीबीपर्यंतच्या एसडी कार्डांवर सहसा ‘फॅट-३२’ असते. तिच्यात बिटमॅपऐवजी एक तक्ता असतो. मोकळ्या तुकड्यासमोर शून्य आणि भरलेल्या तुकड्यासमोर त्याच फाइलच्या पुढच्या तुकड्याचा क्रमांक लिहिलेला असतो. त्याहून मोठ्या कार्डांवरील ‘एक्सफॅट’मध्ये बिटमॅप असतो. विंडोजच्या ‘एनटीएफएस’मध्येही तो असतो, पण लपवलेल्या फाइलच्या रूपात. मोठ्या सर्व्हरवर वापरली जाणारी ‘एक्सएफएस’ मोकळ्या पट्ट्यांच्या दोन याद्या ठेवते. एक जागेच्या क्रमाने आणि दुसरी लांबीच्या क्रमाने. मोठ्या फाइलसाठी सलग जागा त्यामुळे पटकन सापडते.

फाइल पुसली की जागा कोरी होते का?

साध्या हार्ड डिस्कवर होत नाही. फाइल सिस्टिम फक्त नकाशातील बिट १ वरून ० करते. आतला मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो. फॅटमध्ये पुसलेल्या फाइलच्या नावाचे पहिले अक्षर बदलून खूण केली जाते आणि तक्त्यातील नोंदी शून्य होतात. म्हणूनच कार्डावरून चुकून पुसलेले फोटो अनेकदा परत मिळतात, मात्र त्या कार्डावर नवे काही लिहिलेले नसावे. ईएक्सटी-४मध्ये पुसताना आयनोडमधील ब्लॉकचे पत्तेही काढले जातात, त्यामुळे काम अवघड होते. एसएसडीवर ‘ट्रिम’ सुरू असेल, तर मोकळ्या झालेल्या जागेची माहिती डिस्कला दिली जाते आणि ती जागा आतून खरोखर पुसली जाते. मग परत मिळण्याची आशा जवळपास उरत नाही.

जागा असूनही ‘डिस्क फुल्ल’ का दिसते?

याची चार नेहमीची कारणे आहेत. पहिले कारण मोजमापाचे. कंपनीचे १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट. विंडोज तेच १,०२४च्या पटीत मोजून ९३१ जीबी दाखवते. यात कोणी जागा खाल्लेली नसते.

दुसरे, ईएक्सटी-४ मुळातच ५ टक्के जागा प्रशासकासाठी राखून ठेवते. १ टीबीत ही जागा सुमारे ५० जीबी होते. सामान्य वापरकर्त्याला ती मिळत नाही.

तिसरे, चालू प्रोग्रॅमने उघडलेली फाइल पुसली, तर तिचे नाव यादीतून जाते पण ब्लॉक सुटत नाहीत. ‘डीएफ’ ही आज्ञा फाइल सिस्टिमचा एकूण हिशेब दाखवते आणि ‘डीयू’ दिसणाऱ्या फाइलींची बेरीज करते. दोन्ही आकड्यांत मोठा फरक दिसला, तर आधी हीच शंका घ्यावी. तो प्रोग्रॅम बंद केला की जागा सुटते.

चौथे, ब्लॉक मोकळे असले तरी आयनोड संपलेले असू शकतात. ईएक्सटी-४मध्ये त्यांची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते. लाखो छोट्या फाइली साठल्या की असे होते. ‘डीएफ’ला ‘आय’ हा पर्याय जोडला की आयनोडचा हिशेब दिसतो.

नोंदींच्या पसाऱ्याचा फटका ‘नासा’लाही बसला होता. जानेवारी २००४मध्ये मंगळावर उतरलेली ‘स्पिरिट’ ही बग्गी काही दिवसांतच पुन:पुन्हा रीस्टार्ट होऊ लागली. फ्लॅश मेमरीतील फाइली पुसल्या तरी त्यांच्या नोंदींची रचना आकुंचन पावत नव्हती. ती चालू मेमरीत आणताना जागा अपुरी पडत होती. अभियंत्यांनी पृथ्वीवरून फ्लॅश मेमरी नव्याने फॉरमॅट केली आणि बग्गी पुन्हा कामाला लागली.

नकाशा प्रत्यक्ष कसा तपासतात?

विंडोज ९८च्या ‘डीफ्रॅगमेंटर’मधील रंगीत चौकोन अनेकांना आठवत असतील. तो जागावाटपाचाच नकाशा होता. लिनक्समध्ये ‘डम्प-ई-टू-एफएस’ ही आज्ञा प्रत्येक गटातील मोकळ्या ब्लॉकचे क्रमांक दाखवते. एखादी फाइल किती तुकड्यांत विखुरली आहे, हे ‘फाइलफ्रॅग’ सांगते. ‘डीबग-एफएस’ उलट दिशेने शोध घेते. डिस्कचा एखादा भाग खराब झाल्याचे कळले, तर त्या ब्लॉकचा क्रमांक देऊन तो कोणत्या आयनोडच्या ताब्यात आहे आणि त्या फाइलचे नाव काय, हे विचारता येते. शेकडो फाइलींपैकी नेमकी कोणती बाधित झाली, ते यातून कळते. तो ब्लॉक मोकळा निघाला, तर एकही फाइल गेलेली नसते. बॅकअपसाठीही नकाशा कामाला येतो. ‘पार्टक्लोन’सारखी साधने तो वाचून फक्त भरलेले ब्लॉक उतरवून घेतात.

नकाशा आणि वस्तुस्थिती जुळली नाही तर?

लिहिण्याचे काम सुरू असताना वीज गेली किंवा पेनड्राइव्ह तसाच उपटला, तर दोन नोंदींपैकी एकच बदललेली असू शकते. कोणाच्याच ताब्यात नसलेला ब्लॉक भरलेला दिसला, तर जागा वाया जाते, इतकेच. भरलेला ब्लॉक मोकळा दिसणे मात्र धोक्याचे, कारण पुढची फाइल त्याच्यावरच लिहिली जाते. हे टाळण्यासाठी ईएक्सटी-४ आणि एनटीएफएस बदलांची रोजनिशी ठेवतात. तिला ‘जर्नल’ म्हणतात. फॅट आणि एक्सफॅटमध्ये ती सोय नाही. त्यामुळे कार्ड आणि पेनड्राइव्ह ‘इजेक्ट’ करूनच काढावेत.

तरीही शंका राहिली, तर लिनक्सवर ‘एफएससीके’ आणि विंडोजवर ‘चेकडिस्क’ चालवतात. ईएक्सटी-४मध्ये ही तपासणी पाच टप्प्यांत होते. आधी आयनोड आणि फोल्डर तपासून खरोखर वापरात असलेल्या ब्लॉकची नवी यादी बनते. शेवटच्या टप्प्यात ती डिस्कवरील बिटमॅपशी ताडून पाहतात. तलाठ्याच्या दप्तरावर विसंबून न राहता जमिनीची नव्याने मोजणी करावी, तसेच हे असते.

कोणती काळजी घ्यावी?

दुरुस्ती करणारी साधने डिस्कवर लिहितात, हे विसरू नये. चालू, जोडलेल्या फाइल सिस्टिमवर ‘एफएससीके’ची दुरुस्ती चालवू नये. डेटा मोलाचा असेल, तर आधी ‘डीडी-रेस्क्यू’सारख्या साधनाने संपूर्ण डिस्कची प्रत घ्यावी आणि प्रयोग त्या प्रतीवर करावेत. फोटो चुकून पुसले गेले, तर ते कार्ड लगेच काढून बाजूला ठेवावे. त्याच कार्डावर परत मिळवण्याचे सॉफ्टवेअर उतरवू नये आणि नवे फोटोही काढू नयेत. जागा कमी पडली म्हणून घाईने फाइली पुसण्याआधी वरची चार कारणे तपासावीत. फाइल सिस्टिमने एकदा ‘मोकळा’ म्हटलेला ब्लॉक पुढच्या क्षणी दुसऱ्या फाइलला दिला जाऊ शकतो आणि त्यानंतर जुना मजकूर परत आणणारे साधन नाही.